चौदा अंडी आणि कोळशाची खूण

"बाई, अंडी कोण फिरवणा नाय मां?" हर्षदने फोनवर विचारलं.

"फिरवते ना," मी कौतुकाने म्हटलं. "सातवीतली एक मुलगी. रोज, न चुकता."

तो हळूच म्हणाला, "बाई, ती कोंबयेची अंडी न्हय."

हर्षद माझा जुना विद्यार्थी. शाळेत असताना विज्ञानाच्या तासाला खिडकीतून बाहेर बघत बसायचा. आता देवबागला बोटीवर असतो, आणि कासवांच्या हंगामात किनाऱ्यावर कासवांची घरटी राखतो. माझ्या वर्गात आम्ही सरड्याची अंडी ठेवलीत हे त्याला अभिमानाने सांगावं, म्हणून मी रविवारी संध्याकाळी फोन केला होता.

"कासवाची अंडी आमी उचलतंव तेव्हा जी बाजू वर आसा तीच वर ठेवतंव," तो म्हणाला. "पिल्लू आत सालीक धरून आसता. अंडा उलटा केलास तर तां मरता."

"सरड्याचंही तसंच असतं?"

"सरड्याचा माका नक्की ठावक नाय. पण फिरवू नकात, बाई."

फोन ठेवला आणि हिशोब केला. अंडी वर्गात येऊन अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस ती मुलगी अंडी फिरवत होती, आणि अकरा दिवस मी तिला शाब्बास म्हणत होते.

मी मालवणजवळच्या कट्टा गावाच्या पुढच्या एका शाळेत पाचवी ते आठवीला विज्ञान शिकवते. बावीस वर्षं झाली. मुलं मला लोबो बाई म्हणतात. वर्गात मी प्रमाण मराठी बोलते, राग आला की मालवणी. त्यामुळे मला राग आलाय की नाही हे मुलांना चेहरा न बघता कळतं.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा पाठ माझा आवडीचा. वर्षानुवर्षं मी तो एकाच पद्धतीने शिकवला. शिक्षकांना रोजच्या तासाची आखणी आधी एका वहीत लिहावी लागते, तिला टाचण म्हणतात. हेडमास्तर ते तपासून सही करतात. माझ्या टाचणात या पाठाचे चार मुद्दे होते. अंगावर खवले. फुप्फुसांनी श्वास. शरीराचं तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे. कवच असलेली अंडी जमिनीवर. चौथ्या मुद्द्यापुढे मी दरवर्षी लिहायची, 'पक्ष्यांप्रमाणेच.' माझ्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ त्या एका शब्दात होतं.

जुलैच्या मध्यावर शाळेच्या परसबागेत भाजीचा वाफा खणायचं काम सातवीकडे होतं. त्या कोपऱ्यात दोन दिवसांपूर्वी एक सरडी माती उकरून पुन्हा डोक्याने दाबून बसवत होती, असं गौरेशने सांगितलं. गौरेश म्हणजे वर्गातला पहिला आवाज. त्याने तिला दगडही मारला होता.

"कशाला मारलास?"

"बाई, सरडो लांबसून रगत पिता. म्हणान तेचो गळो लाल होता."

आमच्याकडे हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. मुलगे माडाच्या हिराचा, म्हणजे झावळीतल्या काडीचा, फास करून सरडे पकडतात आणि मारतात, आणि आपण गावावर उपकार केले असं त्यांना वाटतं. मी त्याला सांगितलं की गळा नराचा लाल होतो, तोही विणीच्या दिवसांत, मादीला दिसावा आणि दुसऱ्या नराने लांब राहावं म्हणून. आणि ही मादी होती, म्हणजे तिचा गळा लालही नसणार. "मगे माका तसोच दिसलो," गौरेश म्हणाला. त्याला हरवणं कठीण.

फावड्याच्या दुसऱ्याच घावाला दोन अंडी फुटली. मी सगळ्यांना थांबवलं. हाताने माती बाजूला केली तर खाली पांढरी, बोराच्या बीएवढी चौदा अंडी. हात लावला तर मऊ, जाड कागदासारखी. सापाची किंवा घोरपडीची शंका असती तर मी माती परत लोटून तास संपवला असता. त्यांना हात लावणं कायद्यातही बसत नाही आणि माझ्या स्वभावातही. पण सरडी मुलांनी डोळ्यांनी बघितली होती, आणि वाफा तर खणायचाच होता. मी म्हटलं, वर्गात नेऊ.

मुलं अंड्यांवर तुटून पडली. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, तशी उचलू नकात. खूण करूक व्हयी."

मी वळून पाहिलं. दीक्षा परब. शेवटच्या बाकावर बसणारी. दीड वर्षात तिने वर्गात आपणहून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. प्रश्न विचारला की ती मान हलवायची, आणि ती मान होकाराची की नकाराची हे आम्हा शिक्षकांना शेवटपर्यंत ठरवता आलं नव्हतं.

ती खिचडीच्या चुलीजवळ गेली, कोळशाचा तुकडा घेऊन आली आणि एकेका अंड्याच्या वरच्या बाजूला बारीक ठिपका काढला. तिच्या घरी कोंबड्या. कोंबडीला रवणाला बसवतात, म्हणजे अंडी उबवायला बसवतात, तेव्हा तिची आई अशीच खूण करते. दुसरी एखादी कोंबडी त्याच टोपलीत अंडं घालून गेली तर बिनखुणेचं अंडं लगेच ओळखू येतं. शिवाय रवणाआधी साठवलेली अंडी रोज उलटवायची असतात. कुठलं उलटवलं, कुठलं राहिलं, तेही खुणेवरून कळतं.

मला ते फार आवडलं. विज्ञानाच्या बाईंना विद्यार्थिनीने नोंदीची पद्धत शिकवली. मी तिथेच जाहीर केलं की अंड्यांची जबाबदारी दीक्षाची. प्लास्टिकच्या डब्यात ओली माती, त्यात अंडी अर्धी रोवलेली, झाकणाला भोकं. डबा खिडकीखाली, आणि दीक्षाच्या हातात एक नवी वही.

त्या अकरा दिवसांत ती मुलगी बदलली. सकाळी सगळ्यांच्या आधी वर्गात. वहीत तारीख, पाणी किती चमचे शिंपडलं, खूण वर की खाली. "बाई, दोन अंड्यांक पोचो इलोहा. ती मी फिरवणंय नाय, फुटतीत." मुलं तिच्याभोवती जमायची, आणि ती चक्क ओरडायची, "हात लावू नकात रे!" मी टाचणात लिहिलं, 'विद्यार्थिनीचा सहभाग उत्तम.'

आणि मग रविवारचा तो फोन.

सोमवारी मी शाळेत पोचले तेव्हा दीक्षा डबा उघडून बसली होती. बोटांच्या चिमटीत अंडं. पुढचं मी केलं ते सांगायला आजही जड जातं.

"थांब! हात लावू नकोस त्याला!" मी दारातूनच ओरडले. "फिरवू नको ती! आतला पिल्लू मरता!"

मालवणी ऐकताच सगळ्या माना दीक्षाकडे वळल्या. दीक्षाने अंडं जागेवर ठेवलं. खूण वर होती की खाली, हे मात्र त्या घाईतही बघून ठेवलं. मग हात मांडीवर घेऊन बसली.

गौरेश म्हणाला, "म्हणजे दीक्षान सगळी मारली."

कोणी हसलं. कोणी "अरे देवा" म्हटलं. त्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं. ती फिरवत होती हे मला माहीत होतं आणि मीच शाब्बास म्हटलं होतं, एवढंच. मी ते बोलले नाही. फळ्याकडे वळले आणि तारीख लिहिली. राग मला स्वतःचा आला होता, निघाला तिच्यावर. वर्ग मात्र समजला की बाई दीक्षावर रागावल्या.

मंगळवारी दीक्षा आली नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. डब्यातल्या दोन अंड्यांवर बुरशी दिसली, ती मी चमच्याने काढून टाकली. गुरुवारी दुपारी हेडमास्तर सावंत सरांनी बोलावलं. सावंत सर माणूस वाईट नाही. पण पोर्शन, म्हणजे ठरलेला अभ्यासक्रम, वेळेत पुरा होणं हाच त्यांचा धर्म.

"बाई, तो डबा अजून वर्गात आहे?"

"आहे."

"एका पालकाचा फोन होता. शाळेत सरडे पाळतात म्हणून. चतुर्थीच्या सुट्टीआधी तो हलला पाहिजे. सुट्टीत शाळा बंद, मुंग्या लागतील, वास सुटेल. आणि तुमचा पोर्शन कुठवर आलाय?"

"सर, परबांची मुलगी तीन दिवस येत नाहीये."

"लावणी चालू असेल."

"लावणी नाही. मी कारण आहे."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. मी सविस्तर सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी स्कूटर काढली आणि परबांच्या वाडीवर गेले. ठरवूनच निघाले होते की मुलीला घेऊन येणार, आणि काय बोलावं लागेल ते बोलणार.

दीक्षाची आई शेतातून नुकतीच आली होती, पाय चिखलाने भरलेले. मला बघून गडबडली.

"बाई! बसा. चाय ठेवतंय. चेडू सकाळी पोटात दुखता म्हणता, आणि शाळेची येळ टळली की बरा होता."

"दीक्षाशी बोलायचंय. पण आधी मला एक सांगा. कोंबडीची अंडी तुम्ही कशाला फिरवता?"

बाईंना असल्या साध्या गोष्टी माहीत नसतात याचं तिला नवल वाटलं असणार. "नाय फिरवली तर बलक सालीक चिकाटता नाय? मगे तां अंडा फुकट. कोंबी बसली की ती आपल्या चोचीन फिरवताच. बसापर्यंत आपण फिरवूचा."

बरोबर होतं. शब्दन् शब्द बरोबर. कोंबडीच्या अंड्यासाठी. मी तिच्याकडे दोन अंडी मागितली. तिने चार दिली.

दीक्षा मागच्या पडवीत होती, डालगा उचलून कोंबड्या आत ढकलत होती. डालगा म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी मुद्दाम नाय केलंय, बाई."

"माका ठावक आसा," मी म्हटलं. "चूक माजी."

"तुमची कशी?"

"तू फिरवत होतीस तां मी रोज बघत होतंय. शाब्बास म्हणत होतंय. माका ठावक असाक व्हया होता. तुका कोणी सांगूकच नाय तर तुका कसा कळतला?"

तिने डालग्यावर दगड ठेवला. दुसरा ठेवला. मग म्हणाली, "ह्यां वर्गात सांगशात?"

वकिलाने विचारावा तसा प्रश्न. मला वाटलं होतं, पडवीत माफी मागितली की काम झालं. ते काम झालेलं नव्हतं, आणि ते तिला माझ्याआधी कळलं होतं.

"सांगतलंय," मी म्हटलं. "उद्या. पयल्याच तासाक."

शुक्रवारी दीक्षा आली. शेवटच्या बाकावर, मान खाली. मी टेबलावर दोन बशा ठेवल्या आणि तिच्या आईने दिलेलं एक अंडं एका बशीत फोडलं. मुलं पुढे सरकली.

"बलकाच्या दोन्ही बाजूंना काय दिसतं?"

"पांढरा काय तरी. दोऱ्यासारख्या."

"दोरीच आहे. दोन्हीकडून पीळ घातलेली. या दोन दोऱ्यांवर बलक टांगलेला असतो, पाळण्यासारखा. अंडं कसंही फिरवा, बलक फिरतो आणि पिल्लाची बाजू परत वर येते. म्हणून कोंबडीचं अंडं फिरवलं तरी चालतं. नुसतं चालत नाही, फिरवावंच लागतं, नाहीतर ते कवचाला चिकटतं. दीक्षाच्या आईला हे माहीत आहे. आपल्या पुस्तकात नाही."

मग मी परसबागेत फुटलेल्या दोन अंड्यांपैकी एकाचं कवच दुसऱ्या बशीत ठेवलं. मी ते सुकवून ठेवलं होतं. कागदासारखं, सुरकुतलेलं. "सरड्याच्या अंड्यात अशी दोरी नसते. त्याची आई ते पुरते आणि निघून जाते. फिरवणारं कोणी नसतंच. आतलं पिल्लू वरच्या बाजूला कवचाला धरून वाढतं, कवचातूनच हवा घेतं, मातीतून पाणी ओढतं. कासवाची अंडी उलटी केली तर पिल्लू मरतं, हे आपल्या किनाऱ्यावरच्या राखणाऱ्यांना ठाऊक आहे. सरड्याचं किती बिघडतं, मला नक्की माहीत नाही."

मी बशी बाजूला सारली.

"आता ऐका. दीक्षा अंडी फिरवते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तिला थांबवलं नाही. उलट शाब्बास म्हटलं. सोमवारी ओरडले ते चूक होतं. गौरेश म्हणाला दीक्षाने मारली, तेव्हा मी गप्प बसले, ते त्याहून चूक होतं. चूक माझी आहे."

गौरेशने हात वर केला. "म्हणजे बाईंक पण ठावक नव्हता?"

"नव्हतं."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले. छातीवरचं ओझं उतरणं म्हणतात ते काय असतं हे मला त्या तासाला कळलं. शेवटच्या बाकावर मान वर आली होती.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "टाकून द्यायची?"

"नको," दीक्षा म्हणाली. "खूण आसा नाय."

ती उठली, डब्यापाशी आली आणि एकेक अंडं पाहत गेली. ज्याची खूण खाली होती ते अलगद सरळ केलं. परसबागेत जी बाजू वर होती तीच बाजू प्रत्येकाची वर आली. तिने कोळसा लावला नसता तर कुठलं अंडं कसं होतं हे जगात कोणालाही सांगता आलं नसतं. ज्या सवयीने घोटाळा झाला तिनेच तो निस्तरता आला. त्यानंतर डब्याला कोणी बोट लावलं नाही. आठवड्यातून एकदा मोबाइलचा टॉर्च बाजूला धरून बघायचं. आत तांबूस जाळं दिसलं तर जिवंत. पिवळट, मंद दिसलं तर थांबायचं. बुरशी आली तर काढायचं.

तास संपल्यावर सावंत सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाई, वर्गात अशी कबुली द्यायची नसते. पोरं डोक्यावर बसतात."

"बसू देत, सर. उतरवता येतात मला."

ऑगस्ट सरला. एकूण सहा अंडी बुरशीने गेली, आठ राहिली. त्या दोन पोचा आलेल्या अंड्यांचा पोचा भरून आला होता. अंडी पाणी ओढून फुगतात, म्हणून. दीक्षा रोज बघायची आणि वहीत लिहायची, 'काही नाही.' सलग तेवीस दिवस 'काही नाही'. मला ते वाचून धीर सुटायचा. तिला त्याचं काहीच वाटत नसावं. कोंबड्यांच्या घरातली मुलगी, थांबायची सवय तिला होती.

सुट्टीचा आदला दिवस उजाडला. अंडी तशीच. सावंत सरांनी दारात येऊन डब्याकडे नुसतं पाहिलं. मी म्हटलं, "आज हलवते."

"कुठे?"

"दीक्षाकडे. तिच्या घरी."

"तिच्याकडे? परत?"

"हो सर. परत."

"तुमच्या घरी का नाही?"

माझ्या घरी नेता आला असता. नवरा म्हापशाला नोकरीला, घर रिकामं, मुंग्या नाहीत, मांजर नाही. सगळ्या दृष्टीने ते बरोबर होतं. पण मी डबा घरी नेला असता तर वर्गासमोर दिलेली कबुली तोंडदेखली ठरली असती. तिची चूक नाही असं म्हणायचं आणि डबा मात्र स्वतःकडे ठेवायचा, हे मुलांना बरोबर कळतं. त्यांना सगळं कळतं, फक्त पाठ सोडून.

"माझ्यापेक्षा ती नीट सांभाळेल," मी म्हटलं. सरांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे मी दीक्षाच्या मानेसारखंच सोडून दिलं.

आम्ही ख्रिश्चन असलो तरी चतुर्थीला पाच-सहा घरचे गणपती मला चुकवता येत नाहीत. विद्यार्थी आठवण ठेवून वाट बघतात. त्या वर्षी तिसऱ्या दिवशी मी परबांकडे गेले. घर माणसांनी भरलेलं, मुंबईहून दीक्षाचे काका सहकुटुंब आलेले. गणपतीवर माटवी, म्हणजे लाकडी चौकट, टांगलेली, तिला रानातली फळं बांधलेली. दीक्षाच्या आईने हळदीच्या पानातल्या पातोळ्या पुढे ठेवल्या. काका म्हणाले, "बाई, आमच्या पुतणीला सरड्याचा अभ्यास दिलात म्हणे. मुंबईत कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल."

"तिथल्या शाळेत सरडे कमी," मी म्हटलं.

दीक्षा दारात उभी होती. नवा ड्रेस, केसांत अबोली. बोटाने खूण केली. मी पातोळी तशीच टाकून उठले.

मागच्या पडवीत कोंबड्यांच्या डालग्याशेजारी दुसरा डालगा उपडा होता, वर दोन दगड. मांजरासाठी. तिने तो उचलला. खाली आमचा डबा.

"काल तीन बाहेर इली. ती मी वंयीवर सोडलंय. दोन तुमच्यासाठी थांबवलंय." वंय म्हणजे कुंपण.

"थांबवलंस म्हणजे?"

"एक सकाळी इला. एक अजून अर्धा आत आसा."

मी ओल्या जमिनीवर बसले, साडी तशी. अंड्याला ब्लेडने कापल्यासारखी चीर, त्यातून एक डोकं. माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान. डोळे उघडे. ते कुठेच बघत नव्हतं आणि सगळीकडे बघत होतं. आत आरती सुरू झाली, झांजा वाजू लागल्या, ते दचकलं आणि थांबलं. आम्ही दोघी अर्धा तास तिथे बसलो. मग एक पाय बाहेर आला, मग दुसरा, आणि मग एकदम सगळंच बाहेर. अंग बोटाच्या एका पेराएवढं आणि शेपूट त्याच्या दुप्पट. मला रडू आलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

"मी एकदाय फिरवलंय नाय, बाई," दीक्षा म्हणाली.

"माका ठावक आसा."

सुट्टीनंतर पहिल्या तासाला मी दीक्षाला वही घेऊन पुढे बोलावलं. ती आली. सुरुवात प्रमाण मराठीत केली, दुसऱ्या वाक्याला अडली. मी म्हटलं, येतं तसं बोल.

"चौदा अंडी होती. पाच पिल्लां इली. पोचो इललो ती दोन मी फिरवूक नाय, तेतूरची दोनय इली. बारा फिरवली, तेतूरची तीन इली. नऊ गेली."

गौरेश उठलाच. "म्हणजे फिरवल्यामुळेच मेली. सिद्ध झाला!"

मी तोंड उघडलं, पण दीक्षाने मला बोलू दिलं नाही.

"तसा सांगता येवचा नाय. न फिरवलेली दोनच आसत, ती नशिबानय वाचली असतीत. आणि सुरवातीक मी पाणी पण जास्त घातलंय, तेची बुरशी. फिरवल्यामुळे किती मेली, पाण्यामुळे किती, माका ठावक नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाईंका पण ठावक नाय."

बावीस वर्षांत माझ्या वर्गात याहून चांगलं उत्तर कोणी दिलेलं नाही. मी स्वतःही नाही. गौरेश खाली बसला.

पुढच्या जूनमध्ये मी नवं टाचण लिहायला घेतलं. 'पक्ष्यांप्रमाणेच' हा शब्द खोडला. आणि त्या पाठाच्या वर, चारही मुद्द्यांच्या आधी, एक ओळ घातली. 'घरी कसं करतात, हे मुलांना प्रथम विचारणे.' मग बाकीच्या पाठांवरही तीच ओळ लिहिली. पाणी, माती, बी-बियाणं, ताप, सगळ्यांवर.

सावंत सरांनी पानं उलटली. पाचव्या पानावर थांबले.

"ही ओळ प्रत्येक पाठावर आहे. अभ्यासक्रमात कुठे आहे?"

"नाही, सर."

"वेळ जाईल. पोर्शन मागे पडेल."

"पडेल."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.